हेपरिन नको, तर मग पंप कशावर चालवायचा?

छाती उघडलेली आहे, हृदय थांबवलेलं आहे, रक्त नळ्यांतून बाहेरच्या यंत्रात फिरतंय आणि हृदयाभोवतीच्या पिशवीत साठलेल्या रक्तात एक काळपट गुठळी दिसते. एरवी अशी गुठळी दिसली की सर्जन पंप सांभाळणाऱ्या परफ्युजनिस्टला लगेच विचारतील, "एसीटी किती?" म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतोय? छातीत रक्त साकळतंय म्हणजे ते नळीतही साकळेल, आणि नळीत साकळलं तर सगळंच संपलं. पण या पेशंटला रक्त साकळू न देणारं नेहमीचं औषध, हेपरिन, दिलेलंच नाही, त्याऐवजी बायव्हॅलिरुडिन चालू आहे. या औषधावर अशी गुठळी दिसायचीच. हे ज्याला ठाऊक नाही तो घाबरून औषध वाढवेल, आणि मग शेवटी रक्तस्राव आटोक्यात आणताना सगळ्यांच्या नाकीनऊ येतील.

'बायपास' हा शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो. हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालून नवी वाट जोडतात, तो एक बायपास. ते काम चालू असताना हृदय आणि फुप्फुसं दोघांनाही वगळून रक्त यंत्रातून फिरवतात, तो दुसरा. गुठळीची खरी धास्ती या दुसऱ्याची. रक्ताला रक्तवाहिनीच्या अस्तराची ओळख असते. प्लॅस्टिकला टेकलं की जखम झाली असं समजून ते साकळू लागतं. म्हणून पंप सुरू करण्याआधी रक्ताला न साकळण्याच्या अवस्थेत आणावं लागतं. आपण सर्रास 'रक्त पातळ करणं' म्हणतो, पण रक्त मुळीच पातळ होत नाही. ते असतं तितकंच दाट राहतं, फक्त गोठायचं विसरतं.

हे काम हेपरिन करतं. 1916 साली जे मॅक्लीन हा वैद्यकीचा विद्यार्थी जॉन्स हॉपकिन्समध्ये रक्त गोठवणारे पदार्थ शोधत होता आणि हाती लागला नेमका उलट गुणाचा. पुढे याच धाग्यावर काम करताना विल्यम हॉवेल यांनी कुत्र्याच्या यकृतातून मिळालेल्या अशा पदार्थाला ग्रीक भाषेतल्या यकृताच्या शब्दावरून हेपरिन हे नाव दिलं. आज ते बहुतकरून डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. 1953 साली जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्रावर 18 वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र बंद केलं, तेही हेपरिनच्याच भरवशावर.

हेपरिन स्वतः काही करत नाही, ते दुसऱ्याला कामाला लावतं. रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचं प्रथिन आधीच असतं. हेपरिन चिकटलं की त्याचा वेग सुमारे हजारपटीने वाढतो आणि गुठळी विणणारं थ्रॉम्बिन निकामी होतं. परिणाम मोजायचा तोही सोपा: थोडं रक्त घ्यायचं आणि गोठायला किती सेकंद लागतात ते पाहायचं. हीच ती एसीटी. एरवी ती दोन मिनिटांच्या आसपास असते, पंपावर 480 सेकंदांच्या वर ठेवण्याचा प्रघात आहे. आणि काम झालं की प्रोटामिन. सामन माशाच्या शुक्रपेशींतून मिळालेलं हे प्रथिन हेपरिनला मिठी मारून काही मिनिटांत त्याचा कारभार आटोपतं. चालू करायची कळ आहे, बंद करायचीही आहे. अशी जोडी पंपावर वापरायच्या दुसऱ्या कुठल्याच औषधाला लाभलेली नाही, आणि हेपरिन न चालणाऱ्या पेशंटची पंचाईत नेमकी इथेच होते.

न चालण्याचं सर्वांत धोक्याचं कारण म्हणजे एचआयटी, हेपरिनमुळेच प्लेटलेट्स घटण्याचा विकार. रक्तातल्या प्लेटलेट्समधून एक धनभारित प्रथिन बाहेर पडतं. हेपरिन कमालीचं ऋणभारित. दोघं एकत्र आले की त्या जोडगोळीला काही जणांचं शरीर परकं समजून अँटिबॉडी बनवतं. त्या अँटिबॉडी प्लेटलेट्सना चिथावतात, प्लेटलेट्स गुठळ्यांत खपू लागतात, आणि हेपरिन सुरू केल्यापासून साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान त्यांची संख्या निम्म्याहून खाली येते. प्लेटलेट्स कमी झाल्या म्हणजे रक्तस्राव होणार, असं कुणालाही वाटेल. इथे होतं उलटंच: पायात, फुप्फुसात, मेंदूत गुठळ्या. गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं औषधच गुठळ्या करतं.

घाई नसेल तर उत्तम उपाय थांबण्याचा. या अँटिबॉडी साधारण तीन महिन्यांत रक्तातून नाहीशा होतात. त्यानंतर फक्त ऑपरेशनपुरतं हेपरिन पुन्हा देता येतं, कारण नव्या अँटिबॉडी एका दुपारीत तयार होत नाहीत. एकदा नडलेली वस्तू पुन्हा भेटली की शरीर तुटून पडतं, असं आपण शिकलेलो असतो. ही अँटिबॉडी त्या शिस्तीत बसत नाही. हा डाव मला फार आवडतो. अर्थात ऑपरेशनच्या आधी आणि नंतर हेपरिनचा थेंबही नको.

पण मुख्य धमनी जवळजवळ बंद असलेला माणूस तीन महिने कसा थांबेल? काहींचं ऑपरेशन पंपाशिवाय, धडधडत्या हृदयावर करता येतं. पंप लागणारच असेल तर सर्वाधिक अनुभव बायव्हॅलिरुडिनचा आहे, आणि त्याची वंशावळ थेट जळूपर्यंत जाते. जळू चिकटली की सुटत नाही हे सर्वांना ठाऊक असतं. पण ती सुटल्यावरही जखम वाहतच राहते, कारण तिच्या लाळेत रक्त साकळू न देणारं द्रव्य असतं. जॉन हेक्राफ्ट यांनी 1884 मध्ये ते दाखवून दिलं. हिरुडिन नावाचं ते प्रथिन थ्रॉम्बिनला असं धरतं की जवळपास सोडतच नाही, आणि शरीराबाहेर जातं ते मूत्रपिंडावाटे. मूत्रपिंड कमजोर असलेल्याला हे परवडणारं नाही.

हिरुडिनच्या धर्तीवर केवळ 20 अमिनो आम्लांचा एक तुकडा प्रयोगशाळेत घडवला, तो बायव्हॅलिरुडिन. तोही थ्रॉम्बिनला दोन ठिकाणी पकडतो, पण थ्रॉम्बिनच त्याला हळूहळू कुरतडून स्वतःला सोडवून घेतं. म्हणून 25 मिनिटांत त्याची मात्रा निम्मी होते. थोडा भाग मूत्रपिंडातून जातो, बाकीचा असा रक्तातच संपतो. उतारा नाही, पण औषध आपणहून ओसरतं.

सुरुवातीची गुठळी याच कुरतडण्यातून आली. वाहत्या रक्तात ड्रिपमधून नवं औषध सतत येत राहतं. थांबलेल्या रक्तात नवं काही येत नाही, आणि असलेलं थ्रॉम्बिन खाऊन टाकतं. म्हणजे हेपरिनवर ज्या सवयी बिनधोक असतात त्या इथे मोडाव्या लागतात. नव्या वाटेसाठी वापरायची छातीच्या आतली धमनी आधीच कापून, चिमटा लावून ठेवायची सोय राहत नाही. जोडायची वेळ आली की मगच कापायची. छातीत साचलेलं रक्त थेट पंपात ओढायचं नाही. ते धुऊन परत देणाऱ्या यंत्रात हेपरिनऐवजी सायट्रेट घालायचं. सर्किटमध्ये जिथे रक्त तुंबून राहतं तो प्रत्येक कोपरा थोड्या थोड्या वेळाने वाहता करायचा. शरीर फार थंडही करायचं नाही, कारण थंडीत कुरतडणं मंदावतं आणि औषध रेंगाळतं.

पंप बंद करण्याचा हिशेबही आधीच मांडावा लागतो. दहा-वीस मिनिटं आधी ड्रिप थांबते. यंत्रात उरलेलं रक्त लगेच पेशंटला परत द्यायचं, नाहीतर नळ्यांची दोन टोकं जोडून, वर थोडं औषध घालून ते गोल फिरवत ठेवायचं. हृदयाने पुन्हा दगा दिला तर पंप लागू शकतो. मग छाती बंद करण्याआधी वाट पाहणं. टाक्यांतून रक्त झिरपत राहतं, पुढचे एक-दोन तास भूलतज्ज्ञाची आणि सर्जनची परीक्षा असते. माझ्या मते या औषधाचं खरं कौशल्य मात्रेच्या गणितात कमी आणि या वाट पाहण्यात जास्त आहे.

आणखीही वाटा आहेत. प्लाझ्मा बदलून अँटिबॉडी कमी करणं, किंवा कँग्रेलॉर देऊन प्लेटलेट्सना थोडा वेळ गप्प बसवून हेपरिनच वापरणं. कँग्रेलॉर काही मिनिटांत उतरतं आणि हेपरिनवर प्रोटामिनचा उतारा हाताशी राहतो, म्हणून ज्यांना बायव्हॅलिरुडिनची सवय नाही अशा टीमला हा मार्ग जवळचा वाटतो. अर्गाट्रोबॅन हे एचआयटीवरचं दुसरं औषध यकृतातून निचरा होणारं. आयसीयूत उपयोगी, पंपावर मात्र त्याचा भरवसा कमी धरतात.

इतकं सगळं पार पडल्यावर पेशंट आयसीयूत येतो. मनगटावर पट्टा, खाटेवर पाटी, फाईलवर लाल शाईने लिहिलेलं 'हेपरिन नको'. कारण धमनीतली लाइन तुंबू नये म्हणून काही ठिकाणी सलाइनच्या पिशवीत थोडं हेपरिन घालायची सवय असते, काही कॅथेटरांना कारखान्यातूनच हेपरिनचा लेप असतो, आणि अँटिबॉडीला तेवढंही पुरतं. त्या रात्री लाइन फ्लश करताना हातात घेतलेली पिशवी साध्या सलाइनचीच आहे ना, हे सिस्टर लेबल वाचून एकदा, आणि दुसरीला दाखवून पुन्हा एकदा बघतात.