झाडीपट्टी नाटकातील दोस्तांचे प्रवेश

भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या झाडीपट्टी म्हणवल्या जाणाऱ्या धानपट्ट्यातील नाटकांत नायकाचे लग्न जुळवायला निघालेले दोस्त जो घोळ घालतात, त्याचे विनोदी प्रवेश. मुख्य कथानक बहुधा कौटुंबिक आणि डोळ्यांतून पाणी काढणारे असते. हे प्रवेश त्याच्या अधूनमधून येतात.

उगमाविषयी एकमत नाही. एक धागा संस्कृत विदूषकापर्यंत नेला जातो. कालिदासाच्या (सामान्यतः इ. स. चौथे-पाचवे शतक) ‘मालविकाग्निमित्र’ात राजाचा मित्र गौतम केतकीच्या काट्याने बोटावर खुणा करतो, साप चावल्याचे सोंग घेतो, विष उतरवण्यासाठी म्हणून राणी धारिणीची नागमुद्रेची अंगठी मिळवतो आणि तीच दाखवून कोंडलेल्या मालविकेला सोडवतो. मालविका विदर्भाची राजकन्या, त्यामुळे हा धागा वैदर्भीयांना जवळचा वाटणे साहजिक आहे. मात्र साम्य म्हणजे परंपरा नव्हे. मधल्या शतकांचा दुवा दाखवावा लागतो. दुसरे मत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पौराणिक खेळानंतर होणाऱ्या फार्साकडे, म्हणजे छोट्या विनोदी नाटकाकडे, बोट दाखवते. दंडार आणि खडी गंमत या इथल्या लोकनाट्यांतील सोंगाड्या (विनोदी पात्र) हा तिसरा आणि अधिक पटणारा उगम होय. खडी गंमतीत कलावंत व वादक उभ्यानेच खेळ करतात, हजरजबाबी बतावणीवर (विनोदी संवादांवर) सारी भिस्त असते. लिहिलेल्या संवादाबाहेर जाऊन समोरच्या गावकऱ्याला ओढून घेण्याची दोस्तांची सवय तिथलीच दिसते. तमाशाच्या गवळणीतला पेंद्याही कृष्णाचा असाच उपद्व्यापी सोबती आहे.

भाषेची विभागणी लक्षणीय आहे. नायक-नायिका प्रमाण मराठीकडे झुकतात, दोस्त झाडीबोलीत बोलतात. या बोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ होतो. ‘डोळा’ न म्हणता ‘डोरा’ म्हटले की मांडव आपला होतो. झाडीबोली आणि दंडार यांच्या अभ्यासात डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांचे काम पायाभूत आहे.

प्रसंग ठरीव असतात: चिठ्ठी पोरीऐवजी तिच्या बापाच्या हाती पडणे, लुगडे नेसून घरात शिरणे, एकाच खाटेखाली दोघांनी लपणे. खाटेवर बाप बसतो, बाज खाली दबते, एकाचे तोंड दुसरा दाबून धरतो आणि ऑक्टोपॅडवर (इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर) थाप पडते. धडपड आणि थाप यांचा मेळ चुकला की हशा जातो, म्हणून वादकाची नजर नटाच्या पायावर खिळलेली असते. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो. थंडीत चादर गुंडाळून बसलेल्या पेंगुळल्या प्रेक्षकांना जागे ठेवणे हे या नटांचेच काम. त्याला हलके समजणे अन्यायाचे आहे. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) व शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांबरोबर हंगाम सुरू होतो; कंपन्यांचे केंद्र वडसा (देसाईगंज) आहे. नाटकाच्या दिवशी घरोघर पाहुणे येतात, आणि त्या गर्दीत खऱ्या सोयरिकीही जुळतात.