ग्रेन-फ्री आणि हायपोअ‍ॅलर्जेनिक: मांजराच्या खाण्यातले दोन वेगळे प्रकार

मांजर जाड झालंय, वरून सारखं खाजवतंय किंवा उलट्या करतंय, असं पेट शॉपमध्ये सांगितलं की बहुतेक वेळा हातात ग्रेन-फ्रीची पिशवी ठेवली जाते. धान्य नाही म्हणजे अ‍ॅलर्जी जाईल आणि वजनही उतरेल, असा सरसकट समज आहे. यातली एकही गोष्ट ग्रेन-फ्री असण्यावर ठरत नाही. अ‍ॅलर्जीसाठी असतं ते हायपोअ‍ॅलर्जेनिक फूड, आणि त्याच्या घटकांच्या यादीत तांदूळ किंवा मक्याचा स्टार्च अनेकदा अगदी वरच्या ओळीत दिसतो.

ग्रेन-फ्रीचा अर्थ एवढाच, की गहू, मका, तांदूळ घातलेला नाही. ड्राय फूडचे दाणे बांधले जायला स्टार्च लागतोच, म्हणून धान्याऐवजी बटाटा, वाटाणा, मसूर किंवा टॅपिओका येतो. पिशवी उलटी करून मागचे आकडे बघा. समजा प्रोटीन 32 टक्के, फॅट 16, फायबर 4, ओलावा 9 आणि अ‍ॅश (म्हणजे खनिजं) 8, तर बेरीज 69. उरलेले 31 टक्के कार्बोहायड्रेट. हा आकडा बहुतेक पिशव्यांवर छापलेला नसतो, तो असा वजाबाकी करूनच काढावा लागतो. त्यात काही ग्रेन-फ्री फूडमध्ये फॅट बरंच जास्त असतं, आणि फॅटच्या एका ग्रॅममध्ये प्रोटीनच्या दुपटीहून जास्त कॅलरी असतात.

मुख्य मुद्दा प्रोटीनचा आहे. मांजरांमध्ये फूड अ‍ॅलर्जीच्या ज्या केसेस नोंदल्या गेल्या आहेत, त्यांत बीफ आणि मासे सगळ्यात वर आहेत, त्यामागून चिकन. गहू-मक्याची अ‍ॅलर्जी होतच नाही असं नाही, पण ती मागे आहे. अ‍ॅलर्जी व्हायला आधी त्या पदार्थाशी शरीराचा संबंध यावा लागतो, आणि आपल्याकडची मांजरं रोज काय खातात ते आपल्याला माहीत आहे: चिकन, बांगड्याची डोकी, सुकट, मांदेली. अशा मांजराला माशांचीच अ‍ॅलर्जी असेल, तर सॅल्मनचं महागडं ग्रेन-फ्री आणून खाज कशी थांबणार?

हायपोअ‍ॅलर्जेनिक फूड नेमकं प्रोटीनवर काम करतं. हायड्रोलाइज्ड प्रकारात सोया किंवा चिकनच्या प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात, की बहुतेक मांजरांची प्रतिकारशक्ती त्यांना ओळखत नाही. दुसरा मार्ग म्हणजे मांजराने आजवर कधीच खाल्लेलं नाही असं प्रोटीन देणं, उदाहरणार्थ बदक किंवा ससा. मात्र दुकानात सहज मिळणाऱ्या अशा काही फूडमध्ये यादीत नसलेलं प्रोटीनही सापडलेलं आहे. त्यामुळे निदान करायचं असेल तर व्हेटने सुचवलेलं फूडच घ्या, महाग पडलं तरी.

हे फूड साधारण 8 आठवडे द्यायचं आणि त्या काळात दुसरं काहीही नाही. ट्रीट नाही, दूध नाही, घरातल्या दुसऱ्या मांजराच्या ताटलीतला घास नाही, चिकनच्या चवीची जंताची गोळीसुद्धा नाही. उलट्या-जुलाब दोन ते चार आठवड्यांत कमी होताना दिसतात, त्वचेला जास्त वेळ लागतो. मग जुनं खाणं परत द्यायचं. त्रास पुन्हा सुरू झाला तरच ती फूड अ‍ॅलर्जी. रक्ताच्या किंवा केसांच्या चाचणीवरून ती ठरवू नका, त्या भरवशाच्या नाहीत. आणि या सगळ्याच्या आधी पिसवांचा बंदोबस्त करा, कारण मांजराच्या खाजेचं ते कितीतरी जास्त नेहमीचं कारण आहे. दुधाने होणारे जुलाब वेगळे. मोठ्या मांजरांना बहुधा लॅक्टोज पचत नाही, ती अ‍ॅलर्जी नव्हे. दूध बंद केलं की प्रश्न संपतो.

आता वजन. हायपोअ‍ॅलर्जेनिक फूडही वजन उतरवायला बनवलेलं नसतं. बहुतेक ड्राय फूडच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 350 ते 400 कॅलरी असतात. नसबंदी झालेला, घरातच असणारा 6 किलोचा बोका घ्या, ज्याचं योग्य वजन साडेचार किलो आहे. त्याला वजन उतरवताना दिवसाला सुमारे 175 कॅलरी पुरतात. म्हणजे 45 ग्रॅमच्या आसपास ड्राय फूड, दिवसभराचं मिळून! लहान वाटीसुद्धा काठोकाठ भरत नाही. अंदाजाने घालताना 10 ग्रॅम जास्त पडले तर पाचव्या हिश्शाहून जास्त वाढ झाली, म्हणून वाटी सोडा आणि किचनचा डिजिटल काटा घ्या. त्याच फूडचं वेट, म्हणजे ओलं, रूप मिळत असेल तर मला ते जास्त पसंत आहे. त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, त्यामुळे तेवढ्याच कॅलरीत ताटली भरलेली दिसते.

वजन आठवड्याला अर्धा ते दोन टक्के उतरावं, म्हणजे या बोक्याचं 30 ते 120 ग्रॅम. त्याहून घाई नको. साधं फूड फार कमी केलं तर कॅलरींबरोबर प्रोटीन आणि जीवनसत्त्वंही कमी पडतात, म्हणून वेट-लॉस फूडमध्ये ती जास्त घातलेली असतात. पण त्यांतल्या बऱ्याच फूडमध्ये चिकन असतं. म्हणून दोन्ही त्रास असलेल्या मांजराचं आधी प्रोटीन ठरवावं, त्या आठ आठवड्यांत कॅलरी मोजून वजन निदान वाढू देऊ नये, आणि नंतर त्याला चालेल असं वेट-लॉस फूड व्हेटबरोबर बसून निवडावं.

नवं फूड जुन्यात मिसळत 7 ते 10 दिवसांत पूर्ण बदला. ‘भूक लागली की खाईल झक मारत’ हे जाड मांजराच्या बाबतीत कधीही करू नका. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. दिवसभर नव्या फूडला तोंड लावलं नाही तर जुनं समोर ठेवा, आणि तेही खाल्लं नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.