जुन्या रेसकारला कुठलं ऑईल पाजायचं?

टॅपेटचा, म्हणजे इंजिनात कॅमच्या धक्क्यानं व्हॉल्व्ह उघडणाऱ्या खुंटीचा, तळ पुसून बघितला तर त्यात आपलं तोंड दिसायला हवं. मागच्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात मिस्त्रींनी माझ्या तळहातावर जो टॅपेट ठेवला, त्याच्या तळाला बशीसारखा खड्डा पडला होता. नख फिरवलं की कड लागत होती. शेजारी त्याच इंजिनाचा कॅमशाफ्ट, म्हणजे टॅपेटला ढकलणाऱ्या कॅमच्या उंचवट्यांचा दांडा, आठपैकी तीन कॅमची नाकं झिजून गोल झालेली. गाडी मित्राची, फियाट 1100. तरुणपणी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या विमान धावपट्टीवर रेसमध्ये पळालेली, आता इंजिन नव्यानं बांधलेली. ऑईल बाजारातलं भारीतलं, फुल्ली सिंथेटिक, 5डब्ल्यू-30 या पातळ ग्रेडचं. गाडी हजार किलोमीटरही चालली नव्हती.

"सिंथेटिकनं खाल्लं बघा," मिस्त्री म्हणाले.

हे निदान मी बऱ्याच गॅरेजांत ऐकलंय. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी लोक चांगल्या ऑईलला मुकतात.

गुऱ्हाळावर ज्यानं काकवी पाहिलीय त्याला तेलाचा दाटपणा वेगळा समजवावा लागत नाही. काहिलीतून काढताना ती सरसर ओघळते, थंडीत मात्र बाटली उलटी केली तरी धार धरत नाही. इंजिन ऑईलचंही तेच. खनिज तेलात लहानमोठ्या रेणूंची सरमिसळ असते. सिंथेटिकचे रेणू कारखान्यात जोडून बनवतात, ते पुष्कळसे एकसारखे असतात. म्हणून तापमान चढलं-उतरलं तरी त्याचा दाटपणा कमी बदलतो आणि 120-130 अंशांची धग ते जास्त वेळ सोसतं. रेसमध्ये ऑईल एवढं सहज तापतं, तेव्हा सिंथेटिक रेसकारचा वैरी कसा असेल?

एके काळी हे काम एरंडेल करायचं. 1909 साली वेकफील्ड कंपनीनं आपल्या ऑईलला कॅस्ट्रॉल हे नाव दिलं ते कॅस्टर म्हणजे एरंडावरूनच. एरंडेल धातूला घट्ट धरतं, पण इंजिनात लाखेसारखा थर सोडतं आणि खनिज तेलात नीट मिसळत नाही. ज्या गाडीत पूर्वी एरंडेल पडलंय, तिचं इंजिन खोलून धुतल्याशिवाय दुसरं ऑईल घालूच नये.

आता जुन्या इंजिनाला नेमकं काय लागतं ते बघू. 1883 साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडायला त्यानं बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरताना तेल उलट वर येऊ लागलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. गेज लावला तेव्हा काटा दर चौरस इंचाला 200 पौंडांच्या पलीकडे गेला. फिरता आस तेलाला पाचरीसारखं आत ओढतो आणि त्याच दाबावर स्वतः तरंगतो. याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं 1886 मध्ये मांडलं. जुन्या इंजिनाच्या बेअरिंगमध्ये फट मोठी ठेवलेली असते. तिथं पातळ ऑईल बाजूनं निसटतं आणि प्रेशर पडतं. म्हणून त्याला 20डब्ल्यू-50 सारखं दाट ऑईल सोसतं, आणि ते सिंथेटिकमध्येही मिळतं.

पण आमच्या फियाटचं दुखणं बेअरिंगचं नव्हतं. कॅम आणि सपाट टॅपेट यांच्यात अशी पाचर धड जमतच नाही. स्प्रिंगचा सगळा जोर एका रेषेएवढ्या जागेवर येतो, त्यात रेसच्या स्प्रिंगा कडक, आणि आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना, कॅमचा वेग इतका मंद की तेलाचा पडदा फाटून लोखंडाला लोखंड लागतं. तिथं वाचवतं ते ऑईलमधलं एक रसायन, जस्त, गंधक आणि फॉस्फरसचं. गॅरेजात त्याला नुसतं झिंक म्हणतात. घासटीच्या जागी ते काचेसारखा थर धरतं, केसाच्या शेकडो पट पातळ. झिजतो तो थर, कॅम वाचतो.

याच फॉस्फरसनं सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. म्हणून अमेरिकेतल्या एपीआय या संस्थेच्या 2004 च्या एसएम दर्जापासून 5डब्ल्यू-30 सारख्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस 0.08 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. आजच्या अनेक इंजिनांत कॅमखाली रोलर असतो, त्यांना तेवढं पुरतं. सपाट टॅपेटला, तेही नवा कॅम बसताना, पुरत नाही. 20डब्ल्यू-50 ला ही मर्यादा लागू नाही. म्हणजे मित्राचं ऑईल चुकलं ते ग्रेडमध्ये आणि झिंकमध्ये. तेच ऑईल खनिज असतं तरी कॅम गेलाच असता.

सिंथेटिक घातलं की गळती लागते, ही दुसरी तक्रार. सुरुवातीच्या काही सिंथेटिक ऑईलनं सील आकसायचे, आता त्यावर उपाय मिसळलेला असतो. मात्र न खोललेल्या जुन्या इंजिनात काळा गाळच सील बनून बसलेला असतो. डिटर्जंटवालं कुठलंही ऑईल तो गाळ सोडवतं आणि कधी कधी तोच ऑईलच्या वाटेत अडकतो. अशा इंजिनाचं आधी चेंबर, म्हणजे तळाची ऑईलची टाकी, उतरवून साफ करावं.

आम्ही कॅम आणि टॅपेट नवे घातले, कॅमला मॉलीची म्हणजे मॉलिब्डेनमची वंगण पेस्ट चोपडली, आणि डेटाशीटवर फॉस्फरस 0.12 टक्के लिहिलेलं 20डब्ल्यू-50 भरलं. स्टार्ट होताच मिस्त्रींनी रेस मिनिटाला 2000 फेऱ्यांवर नेली. वीस मिनिटं ते पाय न हलवता बसून होते, आयडलिंगला एकदाही सोडलं नाही. मग ऑईल काढलं. चेंबरच्या नटाला चुंबक लावलेलं होतं, त्यावर राखाडी साय धरली होती. मिस्त्रींनी ती दोन बोटांत चोळली. कण एकही लागला नाही.