नळीआधीच्या मोटरी: जुन्या आउटबोर्ड बोटीच्या स्टिअरिंगची पार्श्वभूमी

१९५० च्या दशकातली एखादी आउटबोर्ड बोट, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून अडकवलेल्या मोटरीवर चालणारी बोट, पुन्हा पाण्यात उतरवायची ठरली की लाकूडकाम, रंग, इंजिन ही कामं ओळीने डोळ्यांसमोर येतात. स्टिअरिंग मात्र शेवटी आठवतं. केबल स्टिअरिंगचा तयार संच आणायचा, चाक पुढे बसवायचं, केबल मागे न्यायची, की झालं, असं वाटतं. मग केबलचं टोक हातात घेऊन मोटरीपाशी गेल्यावर कळतं की ते घालायला जागाच नाही. ज्या नळीतून ते आरपार जायचं, ती नळीच या मोटरीला नाही. कुणी ती काढून टाकलेली नाही. ही मोटर बनली त्या काळी अशी नळी बहुतेक मोटरींना नसायचीच.

ती नळी कशी आली आणि तिच्याआधी काय चालायचं, हे माहीत असलं की जुन्या बोटीबाबतचे बरेच निर्णय सोपे होतात.

सुरुवात मोटर हाताने वळवायच्या दांड्यापासून करू. आउटबोर्ड मोटरीला वेगळं सुकाणू नसतं. पंख्यासकट अख्खी मोटर वळते आणि बोट वळवते. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन यांनी १९०५ च्या सुमारास अशी मोटर चालवून पाहिली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ती विकायलाही आणली. १९०९ मध्ये मिलवॉकीच्या ओले एव्हिन्रूड यांची मोटर बाजारात आली: दीड अश्वशक्तीची आणि ६२ पौंड वजनाची. वल्ह्याच्या होडीच्या मागच्या फळीला ती अडकवायची, शेजारी बसायचं आणि दांडा हाताने डावी-उजवीकडे करायचा. १९२० च्या दशकाच्या आरंभी एव्हिन्रूड यांची एल्टो आणि जॉन्सन बंधूंची मोटर आली. दोन्ही बऱ्याच हलक्या होत्या. जॉन्सन बंधूंची तर जेमतेम ३५ पौंडांची. वजन घटलं, पण वळवण्याची रीत तीच राहिली.

मोटरींची ताकद वाढली तेव्हा दांड्याची अडचण जाणवू लागली. मागे मोटरीचं वजन, तिथेच चालकाचं वजन, त्यामुळे बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचलली जाते आणि समोरचं पाणी दिसत नाही. वेगाने जाणारी बोट पाणी कापत न जाता पाण्यावर उचलून घसरत जायला हवी असेल, तर वजन पुढे सरकवावं लागतं. चालकाने पुढे बसायचं ठरलं आणि दांडा त्याच्या हाताबाहेर गेला.

यावरचं उत्तर मोठ्या जहाजांवर दोनशे वर्षं वापरात होतं. १८ व्या शतकाच्या सुरुवातीपासून जहाजांच्या चाकामागे एक ढोल असे. त्यावर दोराचे वेढे घेत आणि दोराची दोन टोकं कप्प्यांवरून सुकाणूच्या दांड्यापर्यंत नेत. आउटबोर्ड बोटीत हीच रचना लहान होऊन आली: डॅशबोर्डमागे ढोल, दोन्ही बाजूंनी मागे जाणारी दोरी, कोपऱ्यांत कप्प्या आणि मोटरीच्या पुढच्या भागाला लावलेली आडवी पट्टी. आधी साधी सुती दोरी, मग तिच्या गाभ्यात तार, नंतर प्लास्टिकचं आवरण असलेला पोलादी तारेचा दोर. अनेक दशकं चाक असलेल्या बहुतेक आउटबोर्ड बोटी याच रचनेवर चालल्या, शर्यतीच्यासुद्धा.

या रचनेला कमी लेखणं मला पटत नाही. तिच्यात खरं कसब होतं, आणि ते दिसतं स्प्रिंगमध्ये. मोटरीची पट्टी सरळ रेषेत सरकत नाही, कमानीत फिरते. त्यामुळे एका बाजूची दोरी जेवढी ओढली जाते तेवढीच दुसरीकडची सुटते असं होत नाही. दोघींच्या लांबीचा हिशेब वळणागणिक थोडा बदलतो. मोटर वर उचलली की तो आणखी बदलतो. हा फरक पोटात घ्यायला दोरीच्या टोकांशी स्प्रिंग लावत. स्प्रिंग नसली तर कुठे झोल पडतो, तर कुठे दोरी तुटेपर्यंत ताणली जाते.

धोकाही याच ताणात आहे. एक बाजू तुटली की दुसऱ्या बाजूचा ताण मोटरीला त्याच क्षणी आपल्याकडे ओढतो. बोट गर्रकन वळते, माणसं बाहेर फेकली जाऊ शकतात आणि मागे फिरता पंखा असतो. तुटायला दोरीच लागते असंही नाही. काटकोनात वळणाऱ्या दोरीचा कप्पीवरचा भार दोरीतल्या ताणाच्या सुमारे १.४ पट असतो आणि दोरी पूर्ण उलटी फिरत असेल तर दुप्पट. तो भार लाकडात पिळलेल्या दोन स्क्रूंवर असेल आणि ते लाकूड साठ-सत्तर वर्षांचं असेल, तर दोरी शाबूत राहून कप्पीच उपटून येते. म्हणून जुनी दोरीची रचना ठेवायची असेल तर प्रत्येक कप्पी आरपार बोल्टने आणि मागे पट्टी देऊनच बसवावी. यात तडजोड नको.

आणखी एक जुना सापळा म्हणजे वेढ्यांची दिशा. चाक उजवीकडे फिरवलं की मोटरीचा पुढचा भाग डावीकडे जायला हवा, तेव्हाच पंखा उजवीकडे जातो आणि बोट उजवीकडे वळते. ढोलावर वेढे उलटे घेतले तर चाक एकीकडे आणि बोट भलतीकडे. दोरी नव्याने ओवताना ही चूक फार सहज होते. काठाला बांधलेल्या बोटीत चाक फिरवून मोटरीकडे पाहणं एवढीच चाचणी पुरते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ताकदीचे आकडे झपाट्याने चढले. १९५१ मध्ये एव्हिन्रूडची २५ अश्वशक्तीची मोटर मोठी गणली जात होती. १९५७ मध्ये मर्क्युरी कंपनीने सहा सिलिंडरची ६० अश्वशक्तीची मोटर आणली. १९५८ मध्ये एव्हिन्रूड आणि जॉन्सनच्या ५० अश्वशक्तीच्या व्ही-४ (इंग्रजी व्ही आकारात मांडलेल्या चार सिलिंडरच्या) मोटरी आल्या, १९६० मध्ये त्याच ७५ वर गेल्या आणि १९६२ मध्ये मर्क्युरीने १०० चा आकडा गाठला. अकरा वर्षांत चौपट. बोटींचे सांगाडे प्लायवूडकडून फायबरग्लासकडे आणि अॅल्युमिनियमकडे चालले होते, पण चाकामागे अजूनही ढोल आणि दोरीच होती.

बदल विमानांच्या बाजूने आला. सायकलच्या ब्रेकची तार ओढते, पण ढकलू शकत नाही. ढकललं की ती वाकते. ढकलणं आणि ओढणं दोन्ही करणारी केबल हवी तर आतला गाभा कडक पण लवचीक आणि बाहेरचं आवरण त्याला घट्ट धरून ठेवणारं असावं लागतं. अमेरिकेतली टेलिफ्लेक्स कंपनी १९४३ मध्ये सुरू झाली ती लष्करी विमानांसाठी अशाच केबलची नियंत्रणं बनवायला. पुढे हे तंत्र बोटींत उतरलं आणि १९६० च्या दशकात रुळलं. मर्क्युरीचं याच धर्तीचं स्टिअरिंग राइड-गाइड या नावाने विकलं जाई. दोन दोऱ्या, अनेक कप्प्या आणि स्प्रिंगांच्या जागी एकच केबल आली. सुट्या भागांच्या शोधात असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: टेलिफ्लेक्सचा बोटींचा विभाग २०११ पासून सीस्टार नावाने चालला आणि २०१७ मध्ये डोमेटिक कंपनीकडे गेला. एकाच घराण्याचे भाग त्यामुळे तीन नावांनी सापडतात.

या केबलला शेवटी आधार कुठे द्यायचा, हा खरा प्रश्न होता. त्याचं जे उत्तर निघालं ते मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत देखणं वाटतं. मोटर वर उचलताना ती एका आडव्या अक्षावर फिरते. तो अक्षच पोकळ केला आणि केबलच्या टोकाची दांडी त्यातून आरपार नेली. दांडी नळीबाहेर आली की एक छोटा दुवा तिला मोटरीच्या पट्टीशी जोडतो. मोटर ज्या अक्षावर उचलली जाते त्याच अक्षावर केबल असल्यामुळे मोटर वर असो वा खाली, केबलला फरक पडत नाही. जे काम स्प्रिंग ओढाताण करून निभावत होत्या, ते इथे अक्षाच्या जागेनेच साधलं.

यथावकाश नळीची मापं ठरून गेली: बाहेरून सात अष्टमांश इंच, इंचाला १४ आटे, आतल्या दांडीची जाडी पाच अष्टमांश इंच, दांडीची चाल (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकणं) ९ इंच. आजचे संच याच मापांवर बनतात. पण ही नळी सगळ्या कंपन्यांनी एकाच वर्षी स्वीकारली नाही, आणि लहान मोटरींना ती मोठ्यांच्या मागून मिळाली. सुरुवातीच्या काही नळ्या या मापांत बसतही नाहीत. म्हणून बोटीच्या वयावरून अंदाज बांधू नये. मोटरीपाशी जाऊन माप घ्यावं.

नळी नसलेल्या मोटरीसाठी दोन वाटा आहेत. एक, मोटरीच्या पकडीला बाहेरून नळी जोडणारा संच. दुसरी, बोटीच्या मागच्या फळीवर किंवा तिच्या पुढच्या पाणकप्प्याच्या (मागून येणारं पाणी अडवणाऱ्या खणाच्या) भिंतीवर केबलला गोल सांध्याचा आधार देणं. दुसऱ्या वाटेत केबलचा अक्ष आणि उचलण्याचा अक्ष वेगळे राहतात, म्हणजे दोरीच्या काळातली अडचण परत येते. मोटर पूर्ण उचलून, चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून काहीही अडकत नाही याची खात्री केल्याशिवाय बोल्ट शेवटचे आवळू नयेत.

नियमांतही हा इतिहास उमटलेला आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलने दोरी-कप्पीच्या आणि केबलच्या स्टिअरिंगसाठी वेगवेगळी मानकं केली. त्याहून बोलका आहे अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा, २० फुटांखालच्या नव्या आउटबोर्ड बोटींना जास्तीत जास्त किती ताकदीची मोटर चालेल याचा नियम. बोटीची लांबी आणि मागच्या फळीची रुंदी फुटांत घेऊन गुणायची. १४ फूट लांब आणि ५ फूट रुंद फळीच्या बोटीचा गुणाकार ७०. चाकाचं स्टिअरिंग असेल आणि फळी किमान २० इंच उंच असेल, तर दुपटीतून ९० वजा: ५० अश्वशक्ती. यांतली एकही अट चुकली तर ०.८ पटीतून २५ वजा: ३१. सपाट तळाच्या बोटीला तर २० च. त्या काळच्या पुष्कळ बोटींची फळी १५ इंची असते. अशा बोटीला नुसतं नवं चाक बसवलं म्हणून तिची मोठी मोटर पेलण्याची कुवत वाढत नाही. हा नियम जुन्या बोटींवर बंधनकारक नाही, पण मोटर निवडताना मी तरी तो समोर ठेवीन.

पाच-दहा अश्वशक्तीच्या मोटरीला नव्या तारेची, आरपार बोल्टच्या कप्प्यांची दोरीची रचना शोभते आणि पुरतेही. २५ च्या वर केबलच लावावी, असं माझं स्पष्ट मत आहे. केबलची लांबी मोजताना चाकाच्या मध्यापासून बोटीच्या बाजूपर्यंत, बाजूने मागे आणि तिथून मोटरीच्या मध्यापर्यंतची अंतरं मिळवायची, प्रत्येक काटकोनी वळणाचे ४ इंच वजा करायचे, आणि केबल नळीतून जाणार असेल तर ६ इंच जोडून पुढच्या पूर्ण फुटावर जायचं. वळण ८ इंच त्रिज्येहून आखूड नको. जुन्या बोटींची बाजूची पट्टी अरुंद असते, आणि दोरी जिथून सहज जायची तिथून ही ताठ केबल जाईलच असं नाही. डॅशबोर्डमागे जागा कमी असेल तर चाकामागे सरळ रॅकच्या (दातेरी पट्टीच्या) यंत्रणेऐवजी गोल डब्यातली यंत्रणा घ्यावी.

मूळ चाक टिकवायचं असेल तर आधी त्याचं भोक मोजावं. आजच्या यंत्रणांचा दांडा पाऊण इंची आणि निमुळता असतो, त्याला चावीची खाच असते. जुनं चाक त्यावर थेट क्वचितच बसतं. मधला तुकडा लेथवर नीट कातून घ्यावा, भोक कानसने मोठं करू नये. ढोल, कप्प्या आणि स्प्रिंग काढल्यावर उरणारी स्क्रूंची भोकं त्याच दिवशी बुजवावीत, कारण लाकडात पाणी शिरतं ते तिथूनच. बुजवण्याआधी मात्र प्रत्येक भोकाची जागा कागदावर मांडून ठेवावी. त्या बोटीतून दोरी नेमकी कुठून जात होती, याची तेवढीच नोंद उरलेली असते.