पिकतं तिथं विकतं का?

१९७६ साली डेट्रॉइट टायगर्स हा बेसबॉलचा सुमार संघ होता. हंगामाअखेर ७४ विजय आणि ८७ पराभव. तरीही त्यांच्या मैदानावर काही ठरावीक दिवशी सरासरी ३३ हजारांवर लोक यायचे, आणि एरवी चौदा हजारांची मारामार. फरक एका माणसाचा होता. मार्क फिड्रिच नावाचा विशीतला पिचर दर चार-पाच दिवसांनी चेंडू टाकायला उभा राहायचा. क्लबानं त्याला दोन वर्षांपूर्वी नवोदितांच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, दहाव्या फेरीत घेतलं होतं. तिथं कुणाचं फारसं लक्ष नसतं. हा गडी चेंडूशी बोलायचा आणि गुडघे टेकून पिचरच्या उंचवट्यावरची माती हातानं सारखी करायचा. घरच्या मैदानावर त्यानं सुरुवात केलेल्या १८ सामन्यांना मिळून सहा लाखांवर प्रेक्षक आले. टायगर्सची वर्षभराची एकूण गर्दी १४ लाख ६७ हजार होती.

चाहत्यांना आयते, महागडे सुपरस्टार हवे असतात की क्लबातच घडलेली, फारशी नाव नसलेली पोरं? या वादात फिड्रिचला कुठं बसवायचं? एप्रिलमध्ये तो अनोळखी ‘घरचा’ होता आणि जुलैत ऑल-स्टार, म्हणजे निवडक ताऱ्यांच्या, सामन्याचा सुरुवातीचा पिचर. अभ्यासकांना मात्र असा खेळाडू म्हणजे पर्वणी. शहर तेच, स्टेडियम तेच, संघ तोच, फक्त पिचर बदलतो, आणि तोही पाळीनं. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडावा तसा हा प्रयोग बेसबॉलचं वेळापत्रक दर हंगामात फुकट करून देतं.

बॅटरच्या बाबतीत अशी सोय नाही, कारण तो जवळजवळ रोज खेळतो. शिवाय त्याच्या वाट्याला खेळ येतो तरी किती? नऊ जणांच्या क्रमात त्याला सामन्यात चार-पाचदा संधी मिळते. उरलेला वेळ तो मैदानावर कुठंतरी उभा असतो किंवा बाकावर बसलेला असतो. बास्केटबॉलमध्ये पाचच खेळाडू असतात आणि तारा ४८ मिनिटांतली चाळीसेक मिनिटं खेळतो. मायकेल जॉर्डनमुळे १९९१-९२च्या हंगामात इतर संघांचं उत्पन्न सुमारे ५ कोटी ३० लाख डॉलरनं वाढलं, असा अंदाज जेरी हाउसमन आणि ग्रेगरी लेनर्ड या अर्थतज्ज्ञांनी १९९७मध्ये मांडला. बेसबॉलमध्ये एका माणसाचा एवढा प्रताप सहसा दिसत नाही. उत्तम ताऱ्यामुळेही १६२ सामन्यांत सात-आठ विजय वाढतात. संघ ७० विजयांवर असेल तर ७७ होतील, म्हणजे प्लेऑफ लांबच. तोच खेळाडू ८७वरच्या संघात आला तर मात्र सगळा हंगाम पालटतो.

जपानी सुपरस्टार शोहेई ओतानीचं उदाहरण घ्या. लॉस एंजेलिस एंजल्सकडे तो २०१८ ते २०२३ होता. सोबतीला माइक ट्राउट हा दुसरा तारा. तरी त्या सहांपैकी एकाही हंगामात पराभवांपेक्षा विजय जास्त झाले नाहीत. डिसेंबर २०२३मध्ये तो त्याच महानगरातल्या डॉजर्सकडे गेला. दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर, त्यातले ६८ कोटी करार संपल्यानंतर द्यायचे. एंजल्सचा प्रेक्षकवर्ग आटेल असं वाटलं होतं. पण २०२३चे २६ लाख ४० हजार प्रेक्षक २०२४मध्ये २५ लाख ८० हजारांच्या आसपास आले, म्हणजे दोन-तीन टक्क्यांची घट. डॉजर्सकडे ३८ लाख ३७ हजारांचे ३९ लाख ४१ हजार झाले. तीही वाढ तीन टक्क्यांच्या आतच.

इथं फसगत होते, ती मोजणीत. डॉजर्सचं ५६ हजारांचं स्टेडियम ओतानीच्या आधीपासूनच बहुतेक भरलेलं असे. भरलेल्या भांड्यात आणखी पाणी ओतलं तर पातळी वाढत नाही, सांडतं. ते सांडलेलं पाणी तिकिटांच्या भावात, जपानी कंपन्यांच्या जाहिरातींत आणि जर्सींच्या विक्रीत शोधावं लागतं. दुसरी गोम अशी की ‘प्रेक्षकसंख्या’ म्हणजे विकलेली तिकिटं, फाटकातून आत आलेली माणसं नव्हेत. तिसरी वेळेची. हंगामाची तिकिटं हिवाळ्यात विकली जातात, म्हणून यंदाच्या गर्दीवर गेल्या वर्षीच्या निकालाची छाप असते.

तेव्हा खरा परिणाम काढायचा तर वर्षाची बेरीज बाजूला ठेवून सामनानिहाय आकडे घ्यावेत. आधी वार, महिना, पाहुणा संघ, हवामान, हंगामाचा पहिला सामना आणि खेळाडूंचे डुगडुगत्या मानेचे पुतळे फुकट वाटायचे दिवस यांचा परिणाम वेगळा काढावा. हे पुतळे क्षुल्लक वाटतात, पण मंगळवारची रिकामी संध्याकाळ शनिवारसारखी करून टाकतात. पूर्ण भरलेले सामने वेगळे हाताळावेत, नाहीतर मागणी कमी मोजली जाते. ताऱ्याची अचानक झालेली दुखापत हाही चांगला पुरावा, कारण ती कुणी ठरवून करत नाही. मात्र दुखापतीनंतर संघ हरूही लागतो. मग लोक ताऱ्यावाचून घरी बसले की विजयावाचून, हे सोडवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात.

आता घरच्या पोरांकडे. ‘घरचा’ म्हणजे गावचा नव्हे. क्लबानं ड्राफ्टमधून किंवा परदेशातून कोवळ्या वयात उचललेला आणि आपल्या मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या स्तरावरच्या संघांच्या, चार पायऱ्यांवरून वर आणलेला खेळाडू तो घरचा. आयपीएलसारखा लिलाव इथं नसतो. कॅन्सस सिटी रॉयल्स हा याचा नमुना. अॅलेक्स गॉर्डन २००५ला, माइक मुस्टाकस २००७ला, एरिक हॉस्मर २००८ला ड्राफ्टमध्ये आले; साल्वादोर पेरेस व्हेनेझुएलातून. ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकाची निवड रॉयल्सना मिळाली, कारण संघ सतत हरत होता. १९८५नंतर प्लेऑफ उजाडला तो थेट २०१४ला. त्या वर्षी ते वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यापर्यंत पोचले, तरी वर्षाची गर्दी साडेएकोणीस लाख. पुढच्या वर्षी २७ लाख. हिवाळ्यातल्या तिकीटविक्रीचा उशिरा दिसणारा परिणाम तो हाच. आणि २०१५चं विजेतेपद निव्वळ घरच्यांचं नव्हतं. जुलैत जॉनी क्वेटो आणि बेन झोब्रिस्ट यांना बाहेरून आणलं होतं.

नुसतं स्वस्त आणि हुशार असणं पुरत नाही, हे टॅम्पा बे रेज दाखवतात. २०२३मध्ये ९९ विजय, गर्दी साडेचौदा लाखांच्या आत. स्टेडियम आडवळणाला, हे कारण खरंच आहे. पण रेजचा खाक्या असा की खेळाडू महाग होऊ लागला की त्याला विकायचा. पोरानं ज्याच्या नावाची जर्सी घेतली, तो दोन वर्षांत दुसऱ्याच्या अंगणात. फ्लोरिडाच्याच मार्लिन्सनी १९९७ला विकत घेतलेल्या ताऱ्यांच्या बळावर विजेतेपद जिंकलं आणि लगेच संघ मोडीत काढला. पुढच्या वर्षी १०८ पराभव, आणि गर्दी साडेतेवीस लाखांवरून सव्वासतरा लाखांवर. २०१७च्या अखेरीस त्यांनी स्वतः घडवलेला, त्या हंगामात ५९ होम रन मारलेला जियानकार्लो स्टँटनही यँकीजना देऊन टाकला. विकत आणलेले असोत की घरचे, दोन्हींचा शेवट तिथं सारखाच झाला.

म्हणूनच ‘आमच्या चाहत्यांना घरची पोरं आवडतात’ असं मालक म्हणतो तेव्हा त्याची हिशेबाची वही बघावी. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्तरावर, सहा वर्षांची सेवा होईपर्यंत खेळाडू हवा तो क्लब निवडायला मोकळा होत नाही. पहिली साधारण तीन वर्षं तर तो किमान वेतनाच्या आसपास असतो. २०२४मध्ये हे वेतन ७ लाख ४० हजार डॉलर होतं. १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात. शिकागो कब्जनी क्रिस ब्रायंट या नवोदिताला २०१५मध्ये दोनेक आठवडे मायनर लीगमध्ये ठेवलं, त्याचे दिवस भरले १७१, आणि क्लबाला तो वर्षभर जास्त मिळाला. त्यानं तक्रार केली, पण निकाल त्याच्या विरुद्ध गेला.

मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२च्या करारानं ही पळवाट थोडी बुजवली. वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्या पात्र खेळाडूला पूर्ण वर्ष मिळतं. पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर पॉल स्कीन्स ११ मे २०२४ला वर आला, तो पुरस्कार जिंकला आणि त्याचं वर्ष पूर्ण धरलं गेलं. क्लबाशी त्याचा नवा करार झाला नाही तर २०२९च्या हंगामानंतर तो मोकळा होईल. पिट्सबर्गच्या चाहत्यांना ही तारीख पाठ आहे.