यादीचं वर्ष आणि पदवीवरची तारीख

ब्रिटनने ३० मे २०२२ रोजी ‘हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल’ व्हिसा सुरू केला आणि परदेशी पदवीधरांसाठी नेहमीचा क्रम उलटा झाला. एरवी आधी नोकरी, मग कंपनीची स्पॉन्सरशिप, मग व्हिसा. इथे हातात नोकरी नसली तरी चालते आणि पगाराची किमान मर्यादाही नाही. पदवी किंवा मास्टर्सवर दोन वर्षं मिळतात, पीएचडीवर तीन. खरी कसोटी विद्यापीठाची. ते ब्रिटनबाहेरचं हवं आणि तीन जागतिक क्रमवाऱ्यांपैकी किमान दोहोंत पहिल्या १०० मध्ये (नोव्हेंबर २०२५ पर्यंत पहिल्या ५० मध्ये) हवं. शिवाय पदवी अर्जाआधीच्या पाच वर्षांतली हवी.

या क्रमवाऱ्या व्हिसासाठी तयार झालेल्याच नाहीत. पहिली २००३ मध्ये शांघायच्या एका विद्यापीठाने काढली, ती चीनची विद्यापीठं जगाच्या तुलनेत कुठे आहेत हे पाहायला. तिच्यात ३० टक्के भार नोबेल आणि फील्ड्स पदकांवर आहे. म्हणजे दशकांपूर्वीच्या एखाद्या प्राध्यापकाचं नोबेल आज पंचविशीतल्या मुलीच्या अर्जाला बळ देतं. पुढच्याच वर्षी लंडनमधून दुसरी क्रमवारी आली आणि पुढे तिच्याच दोन झाल्या. व्हिसा अधिकाऱ्यांना तयार मोजपट्टी मिळाली. २००५ मध्ये ब्रिटनने निवडक ५० बिझनेस स्कूलच्या एमबीएधारकांना अशी सवलत दिली होती. नेदरलँड्सनेही २००९ पासून क्रमवारीचा आधार घेतला. तिथे आज पहिल्या २०० पर्यंत मुभा आहे आणि विषयवार क्रमवारीही धरतात. मला तो नियम अधिक न्याय्य वाटतो, कारण माणूस विषय शिकतो, अख्खं विद्यापीठ नाही.

ब्रिटनच्या नियमात सगळ्यात जास्त गोंधळ ‘यादी’ या शब्दाचा, म्हणजे पात्र विद्यापीठांच्या सरकारी यादीचा होतो. यादी एक नाही. दर वर्षाची वेगळी आहे आणि हे वर्ष १ नोव्हेंबरपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत धरतात. अर्ज केला त्या दिवशी विद्यापीठ कितवं होतं, हे कुणी विचारत नाही. पदवी ज्या वर्षात प्रदान झाली, त्या वर्षाच्या यादीत ते होतं का, एवढंच पाहतात. समजा, एका वर्गातल्या दोघींपैकी एकीला ऑगस्टमध्ये पदवी मिळाली, दुसरीचा प्रबंध लांबला आणि तिची डिसेंबरमध्ये आली. मधल्या नोव्हेंबरात विद्यापीठ यादीतून घसरलं, तर पहिलीला व्हिसाची दारं उघडी आणि दुसरीला बंद. उलटंही होतं. विद्यापीठ यंदा वर चढलं म्हणून तीन वर्षांपूर्वीच्या पदवीधराला काही लाभ होत नाही. शेवटचा पेपर, निकाल, तात्पुरतं प्रमाणपत्र, पदवीदान समारंभ या चारही तारखा वेगळ्या असतात. नियम मोजतो ती पदवी प्रदान झाल्याची तारीख. अर्ज भरण्याआधी ती विद्यापीठाकडून लेखी घ्यावी, कारण पदवीची पडताळणी करणारी संस्था विद्यार्थ्याच्या आठवणीवर चालत नाही.

पहिल्या यादीत ३७ नावं होती, त्यातली निम्म्याहून अधिक अमेरिकेतली. आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि दक्षिण आशियातलं एकही नव्हतं. यावर तेव्हाच टीका झाली आणि ती रास्तच होती. ‘उच्च क्षमता’ हे नाव माणसाला दिलं आणि मोजमाप संस्थेच्या संशोधनाचं आणि प्रतिष्ठेचं केलं. पवईच्या आयआयटीत शिकलेल्या मुलीची क्षमता त्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. तीच मुलगी बोस्टनला जाऊन यादीतल्या विद्यापीठातून मास्टर्स करून आली, की पात्र ठरते.

४ नोव्हेंबर २०२५ पासून मर्यादा पहिल्या ५० वरून १०० वर नेली आणि वर्षाला ८,००० अर्जांची कमाल घातली. तरी भारतातली एकही संस्था आत आली नाही. २०२६ च्या एका क्रमवारीत पवईचा क्रमांक १२९ आहे, आणि नियमाला तर दोन क्रमवाऱ्या लागतात. खुद्द ब्रिटनमध्ये शिकलेल्यांना ही वाट मुळातच नाही. त्यांच्यासाठी २०२१ पासून ग्रॅज्युएट रूट आहे, दोन वर्षांचा. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना, पीएचडी वगळता, तो दीड वर्षाचा होणार आहे. दोन्ही वाटांवरून थेट कायम वास्तव्य मिळत नाही. पुढे राहायचं तर मुदत संपण्याआधी बहुतेकांना स्पॉन्सरशिप देणारी कंपनी शोधावी लागते.