काजळीचे गिऱ्हाईक

भुसावळला आजीच्या अंगणात आजोबांचं धोतर वाऱ्याचा रोख बघूनच वाळत पडायचं. लोको शेडकडून वारा सुटला की त्यावर काजळीचे ठिपके उमटत आणि ती शेडच्या नावाने बोटं मोडी. गाडीत खिडकीशी बसलं की डोळ्यात कोळशाचा कण हमखास जाई. मग पदराचा बोळा करून त्यावर तोंडाची वाफ द्यायची आणि डोळ्याला लावायचा. त्याच धुराचा फोटो काढायला लोक अख्खी गाडी भाड्याने घेतात, हे तिला पटलं नसतं.

पण घेतात. आगगाडीच्या शौकिनांसाठी खास गाडी सोडण्याची चाल जुनी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या शौकिनांनी १९३४ च्या ऑगस्टमध्ये एका लहानशा रेल्वेवर अशी सहल काढली होती. तेव्हा वाफेचं इंजिन रोजचंच होतं, त्यामुळे ओढ होती ती आडवाटेच्या मार्गांची. खरी घाई सुरू झाली ती इंजिनं भंगारात निघू लागल्यावर. ब्रिटिश रेल्वेने ११ ऑगस्ट १९६८ ला लिव्हरपूल–मँचेस्टर–कार्लाइल अशी निरोपाची गाडी सोडली. तिकीट पंधरा गिनी, म्हणजे त्या काळी चैनच. तरी रूळांच्या कडेला माणसांची रीघ लागली होती.

छायाचित्रकारांची गाडी मात्र सहलीच्या गाडीहून वेगळी. सहलीत माणूस डब्यात बसतो. इथे तो उतरण्यासाठीच चढतो. वळण, पूल किंवा चढ बघून गाडी थांबते, सगळे उतरून उन्हाच्या बाजूला एका रांगेत उभे राहतात. गाडी मागे जाते आणि शिट्टी देत पुन्हा समोरून येते. फायरमन नेमक्या वेळी फावडंभर कोळसा टाकतो, की काळा लोट उठतो. वाफ थंड हवेत दाट आणि पांढरी दिसते, म्हणून हिवाळ्यातली सकाळ सगळ्यात मोलाची. कोणी रांगेच्या पुढे आला की मागून ओरडा होतो. मग पुन्हा तेच, तीनदा, चारदा. मालगाडीचा देखावा हवा असेल तर रिकाम्या वाघिणीही जोडतात. थोडक्यात, नाटकच, पण इंजिन खरं.

असे लोक चीनमध्ये जिटोंग रेल्वेवर वाफेची इंजिनं होती तोवर, म्हणजे २००५ पर्यंत, धाव घेत राहिले. भारतात ते त्याच्या कितीतरी आधी येऊ लागले, कारण आपल्याकडे वाफ उशिरापर्यंत टिकली. चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन, 'अंतिम सितारा', १९७० मध्ये बाहेर पडलं. परवानगीचा कागद खिशात असल्याशिवाय स्टेशनात कॅमेरा काढणं अवघड होतं. परदेशी पाहुणे तो कागद घेऊनच फिरत. ब्रॉडगेजवरची नियमित वाफ डिसेंबर १९९५ मध्ये संपली. १८५५ सालची 'फेअरी क्वीन' १९९७ पासून दिल्ली–अलवर पर्यटकांना घेऊन धावू लागली. आता खास गाडी ठरवायची तर दार्जिलिंगचा मार्ग आहे, आणि जुनी इंजिनं सांभाळणारी हरियाणातली रेवाडीची शेड.

खान्देशात अशा गाडीला साजेसा मार्ग होता तो आपला पीजे: पाचोरा–जामनेर, अडीच फुटी रूळ, सुमारे ५६ किलोमीटर. शेंदुर्णी, पहूर करत कापसाच्या शेतांतून सावकाश जाणारी गाडी. पण तिथे वाफ गेली, डिझेल आलं, तेव्हा कुणी हळहळ केल्याचं मला आठवत नाही. उलट वेळेवर पोचू म्हणून लोक खूश होते. २०२० च्या टाळेबंदीत तीही थांबली, आणि आता ब्रॉडगेज करून मार्ग बोदवडपर्यंत न्यायचं काम हाती घेतलं आहे.

आमच्या घरात त्या काळचा एकच फोटो आहे. मामाच्या लग्नाचं वऱ्हाड पाचोऱ्याच्या फलाटावर उभं आहे, आणि इंजिनाचं फक्त धुराडं, तेही कडेला अर्धं कापलेलं.